दर फेरीला एक आणा : पोकेमॉनच्या लढाईतील ऊन, पाऊस आणि वाळू

एकही ठोसा न मारता प्रतिस्पर्ध्याला हरवता येते का? मुलांच्या लाडक्या पोकेमॉनच्या खेळात येते. हवामान आपल्या बाजूने फिरवणे, प्रतिस्पर्ध्याच्या वाटेवर दगड पेरणे आणि हळूहळू भिनणारे विष यांचा हा हिशेब मोठ्यांनीही समजून घ्यावा असा आहे.

मुले व्हिडिओ गेम घेऊन बसली की घरातल्या मोठ्यांची प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘‘झाली का पुन्हा मारामारी सुरू?’’ पडद्यावर रंगीबेरंगी प्राणी एकमेकांवर आग ओकतात, पाण्याचे फवारे सोडतात, विजा पाडतात. साहजिकच पाहणाऱ्याला वाटते, की ज्याचे बोट जास्त चपळ तोच यात जिंकत असणार.

पण दोन तरबेज खेळाडूंची लढत पाहिली, तर वेगळेच चित्र दिसते. पहिल्या फेरीत एक खेळाडू समोरच्याच्या अंगणात टोकदार दगड तरंगत ठेवतो. दुसरा वाळूचे वादळ उठवतो. तिसऱ्या फेरीत कोणी कोणाला विष देतो. पहिला पुन्हा बचावात्मक चाल खेळतो. अजून एकही दणका बसलेला नसतो. आठ-दहा फेऱ्यांनंतर मात्र धडधाकट दिसणारा एखादा प्राणी एकाएकी कोसळतो आणि नवखा प्रेक्षक विचारतो, ‘‘अरे, याला मारले कोणी?’’

त्याला मारले वाळूने, विषाने आणि दगडांनी. प्रत्येकाने थोडे थोडे मारले. पोकेमॉनच्या स्पर्धात्मक लढतींचा मोठा भाग या ‘थोड्या थोड्या’ गोष्टींवर उभा आहे.

किडे गोळा करणाऱ्या मुलाचा खेळ

पोकेमॉन म्हणजे ‘पॉकेट मॉन्स्टर्स’, खिशात मावणारे राक्षस. या खेळाची कल्पना जपानच्या सातोशी ताजिरी यांची. लहानपणी त्यांना किडे पकडण्याचा आणि साठवण्याचा विलक्षण नाद होता. पुढे ‘गेम फ्रीक’ या त्यांच्या कंपनीने २७ फेब्रुवारी १९९६ रोजी निन्टेन्डोच्या ‘गेम बॉय’ या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ असे दोन खेळ जपानमध्ये आणले. त्यात १५१ जातींचे पोकेमॉन होते. आज ही संख्या हजाराच्या पुढे गेली आहे. आपल्याकडे बहुतेकांची पोकेमॉनशी ओळख झाली ती २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर हिंदीतून आलेल्या मालिकेमुळे. पिकाचू तेव्हापासून घरचाच झाला.

मालिकेतील लढाई आरडाओरड्याची असते. खेळातील लढाई मात्र बुद्धिबळासारखी, फेरीफेरीने चालते. दोन्ही खेळाडू आपापली चाल गुपचूप निवडतात, मग दोन्ही चाली खेळल्या जातात. प्रत्येकाकडे सहा पोकेमॉन असतात आणि लढाई चालू असताना एकाला परत बोलावून दुसऱ्याला आत पाठवता येते. प्रत्येक पोकेमॉनचा प्रकार ठरलेला असतो. पाणी, अग्नी, वनस्पती, वीज, खडक, पोलाद, बर्फ असे आज १८ प्रकार आहेत. पाणी अग्नीला भारी, अग्नी वनस्पतीला भारी, वनस्पती पाण्याला भारी. कमकुवत प्रकारावर केलेला वार दुप्पट लागतो, मजबूत प्रकारावर केलेला निम्मा.

प्रत्येक प्राण्याची जीवशक्ती एका आकड्यात मोजतात. मुले तिला ‘एचपी’ म्हणतात. ती शून्यावर आली, की तो प्राणी बाद. सहाही बाद झाले, की खेळाडू हरला.

आकाश कोणाच्या बाजूने?

पहिल्या खेळांत हवामान नव्हते. २१ नोव्हेंबर १९९९ रोजी जपानमध्ये ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ हे खेळ आले आणि त्यांच्याबरोबर लढाईच्या मैदानावर ऊन, पाऊस आणि वाळूचे वादळही आले. एक फेरी खर्च करून खेळाडू हवामान बदलू शकत असे आणि ते पाच फेऱ्या टिकत असे.

हवामानाने काय बदलते? पाऊस सुरू असताना पाण्याचा प्रत्येक वार दीडपट होतो आणि आगीचा निम्मा. उन्हात नेमके उलटे. ‘थंडर’ नावाचा विजेचा जबरदस्त वार एरवी शंभरात तीस वेळा हुकतो, पण पावसात तो हुकतच नाही. उन्हात मात्र दोनपैकी एकदाच लागतो. ‘सोलर बीम’ ही वनस्पतींची चाल एरवी दोन फेऱ्या घेते. पहिल्या फेरीत सूर्यप्रकाश साठवायचा, दुसऱ्या फेरीत सोडायचा. लख्ख ऊन असेल, तर साठवण्याची गरजच नाही, वार लगेच होतो. काही पोकेमॉन उन्हात निवांत बसून आपल्या जखमा भरून काढतात. ऊन असेल तर दोन तृतीयांश शक्ती परत मिळते, पाऊस वा वादळ असेल तर जेमतेम चौथा हिस्सा.

२१ नोव्हेंबर २००२ रोजी आलेल्या ‘रूबी’ आणि ‘सफायर’ या खेळांनी यात गारांची भर घातली. शिवाय प्रत्येक पोकेमॉनला एक अंगभूत गुण दिला. कोणी पावसात दुप्पट वेगाने धावतो, कोणी उन्हात. आणि काही मोजक्या प्राण्यांचा गुण तर असा, की ते मैदानात उतरताच हवामान आपोआप बदलते. कायोगर हा समुद्राचा महाकाय जीव आला, की धो धो पाऊस. ग्राउडन हा भूमीचा स्वामी आला, की रणरणते ऊन. टायरॅनिटार नावाचा डायनोसॉरसारखा प्राणी आला, की वाळूचे वादळ. त्यासाठी फेरी खर्च करावी लागत नसे. शिवाय हे हवामान पाच फेऱ्यांनी थांबतही नसे. दुसऱ्या कोणी बदलेपर्यंत ते तसेच राहत असे.

येथूनच हवामान ही केवळ शोभेची गोष्ट राहिली नाही. अख्खा संघ हवामानाभोवती बांधला जाऊ लागला.

सोळा आण्यांचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. वाळूचे वादळ चालू असताना प्रत्येक फेरीच्या अखेरीस मैदानातील प्राण्याची थोडी शक्ती जाते. किती? त्याच्या पूर्ण शक्तीचा सोळावा हिस्सा. (१९९९ च्या खेळात तो आठवा हिस्सा होता, २००२ पासून तो सोळावा झाला.) खडक, जमीन आणि पोलाद या प्रकारांच्या पोकेमॉनना मात्र वाळूचा त्रास होत नाही.

सोळावा हिस्सा म्हटला की आपल्याकडच्या जुन्या पिढीला वेगळे शिकवावे लागत नाही. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. तेव्हा पोकेमॉनची संपूर्ण जीवशक्ती म्हणजे एक रुपया समजा. वाळूचे वादळ दर फेरीला एक आणा काढून घेते. गंमत म्हणजे या खेळातले जवळजवळ सगळे छुपे नुकसान आण्यांतच बसते.

साधे विष दर फेरीला दोन आणे घेते. ‘लीच सीड’ नावाचे बी अंगावर रुजले, की दर फेरीला दोन आणे जातात आणि ते फुकट न जाता प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतात. अंग भाजले असेल, तर २०१६ च्या खेळांपासून एक आणा जातो, त्यापूर्वी दोन जात. शिवाय भाजलेल्या प्राण्याच्या अंगमेहनतीच्या वारांचा जोर निम्म्यावर येतो. उलट बाजूला ‘लेफ्टओव्हर्स’ म्हणजे उरलेसुरले अन्न प्राण्याजवळ ठेवले, तर दर फेरीला एक आणा परत मिळतो. म्हणजे वाळूने घेतला, अन्नाने दिला, हिशेब बरोबरीत.

सर्वांत भयंकर ते ‘टॉक्सिक’ नावाचे जालीम विष. ते पहिल्या फेरीत एक आणा घेते, दुसऱ्या फेरीत दोन, तिसऱ्या फेरीत तीन, असे वाढत जाते. बेरीज करून पाहा. पाच फेऱ्यांत १ + २ + ३ + ४ + ५ म्हणजे पंधरा आणे गेले. प्राणी एका आण्यावर उभा आहे आणि सहाव्या फेरीत सहा आण्यांची मागणी येणार आहे! त्यातच वाळूचे वादळ सुरू असेल, तर दुष्काळात तेरावा महिना. चार फेऱ्यांत विषाचे दहा आणि वाळूचे चार असे चौदा आणे जातात आणि पाचव्या फेरीतच खेळ आटोपतो. एकाही वाराशिवाय.

यावर साधा उपाय आहे. विष चढलेल्या प्राण्याला परत बोलवायचे. तो पुन्हा मैदानात येतो तेव्हा विषाची मोजणी एक आण्यापासून सुरू होते. पण परत बोलावणेही फुकट नसते, कारण दारात दगड पेरलेले असतात.

उंबरठ्यावरचे दगड

हवामानाइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे मैदानात पसरवलेले अडथळे. १९९९ मध्ये ‘स्पाइक्स’ ही चाल आली. प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला काटे टाकायचे. त्यानंतर तिकडून जो नवा प्राणी आत येईल, त्याच्या पायात ते रुततात. २००२ पासून काट्यांचे तीन थर देता येतात. एका थराला दोन आणे, तीन थरांना चार आणे. उडणाऱ्या पोकेमॉनना अर्थातच ते लागत नाहीत.

२८ सप्टेंबर २००६ रोजी ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ हे खेळ आले आणि त्यात ‘स्टेल्थ रॉक’ ही चाल होती. हवेत तरंगणारे अणकुचीदार दगड. यांनी उडणाऱ्यांनाही सोडले नाही. आणि नुकसान ठरते प्राण्याच्या प्रकारावरून. खडकापुढे साधारण टिकणाऱ्याला दोन आणे, खडकापुढे कमकुवत असणाऱ्याला चार आणे आणि दुहेरी कमकुवत असणाऱ्याला चक्क आठ आणे.

या आठ आण्यांचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे चॅरिझार्ड. आग ओकणारा, पंखांचा, ड्रॅगनसारखा दिसणारा हा प्राणी मुलांचा जीव की प्राण. परंतु तो अग्नीचाही आहे आणि उडणाराही, आणि दोन्ही प्रकार खडकापुढे कमकुवत. त्यामुळे नुसते मैदानात पाऊल टाकताच त्याची अर्धी शक्ती जाते. दुसऱ्यांदा आत आला, की उरलेली अर्धीही संपते.

येथे कसलेल्या खेळाडूंची गणिती हुशारी पाहण्यासारखी आहे. खेळ अपूर्णांक सोडून देतो आणि खालचा पूर्ण आकडा धरतो. चॅरिझार्डची शक्ती २९६ असेल, तर अर्धी म्हणजे १४८. दोनदा आत आला, की २९६ पुरे गेले आणि तो बाद. पण शक्ती २९७ असेल तर? अर्धी १४८.५, पण धरले जातात १४८. दोनदा मिळून २९६ गेले आणि चॅरिझार्ड एका गुणावर जिवंत! त्या एका गुणावर तो आणखी एक वार करू शकतो आणि कधी कधी त्या एका वारावर सामना फिरतो.

वाळूच्या बाबतीतही असेच. ३२० शक्तीच्या प्राण्याचे दर फेरीला २० गुण जातात, ३१९ च्या प्राण्याचे १९ च. म्हणून काही खेळाडू मुद्दाम एक गुण कमी ठेवतात. ज्याच्याजवळ ‘लेफ्टओव्हर्स’ आहे तो मात्र ३२० च पसंत करतो, कारण त्याला दर फेरीला २० गुण परत मिळतात. एक गुण कमी की जास्त, यावर मुले तासन्‌तास वाद घालतात. शाळेतील भागाकाराच्या पाढ्यांना न जुमानणारे मूलही त्यात हिरिरीने भाग घेते, हे विशेष.

दगड कशासाठी?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? सरळ जोरदार वार करावा आणि मोकळे व्हावे. याचे उत्तर एका उदाहरणात मिळते.

समजा, तुमचा सर्वांत मोठा वार समोरच्या प्राण्याचे तेरा आणे घेऊ शकतो. तो ताजातवाना असेल, तर तीन आणे शिल्लक राहतील आणि पुढच्याच क्षणी तो उलटा वार करून तुमच्या प्राण्याला लोळवील. आता त्याच्या वाटेवर आधीच दगड आहेत असे समजा. तो बदली म्हणून आत येतो, दगडांनी दोन आणे घेतले. फेरीच्या अखेरीस वाळूने एक आणा घेतला. उरले बरोबर तेरा. पुढच्या फेरीत तुमचा तोच वार, तेवढाच जोर, पण प्राणी बाद. ज्या तीन आण्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते, त्यांनी निकाल लावला.

आणखी एक उदाहरण. ‘फोकस सॅश’ नावाचा एक पट्टा मिळतो. पूर्ण शक्ती असताना तो बांधलेल्या प्राण्यावर कितीही मोठा वार झाला, तरी तो एका गुणावर तग धरतो. मोठाच आधार. पण अट आहे पूर्ण शक्तीची. आत येताना पायाला एक दगड लागला, तर शक्ती पूर्ण राहिली कोठे? पट्टा कुचकामी.

आणि शेडिंजाची गोष्ट तर अजबच. किड्याने टाकलेल्या कातीपासून बनलेला हा पोकेमॉन २००२ मध्ये आला. त्याची जीवशक्ती नेहमी एकच गुण. परंतु त्याचा अंगभूत गुण असा, की तो ज्यांच्यापुढे कमकुवत आहे अशा मोजक्या प्रकारांचे वार सोडून एकही थेट वार त्याला लागत नाही. समुद्रासम्राट कायोगरने सर्व बळ एकवटून पाणी फेकले, तरी शेडिंजा ढिम्म. पण वाळूचे वादळ उठले, की फेरीअखेर एक कण लागतो आणि तो संपतो. जगज्जेत्याला जे जमत नाही, ते धुळीला जमते.

बेडकाला आले सोन्याचे दिवस

हवामानाने सामान्य प्राण्यांचे नशीब कसे पालटते, याचे उत्तम उदाहरण पॉलिटोडचे आहे. पॉलिटोड हा हिरवा, हसरा बेडूक. ना विशेष वेग, ना विशेष ताकद. पण १८ सप्टेंबर २०१० रोजी जपानमध्ये आलेल्या ‘ब्लॅक’ आणि ‘व्हाइट’ या खेळांच्या काळात त्याला एक गुप्त गुण मिळाला. तो आत आला, की पाऊस सुरू, आणि तोही न थांबणारा. तोवर हा मान फक्त कायोगरचा होता आणि कायोगर इतका बलाढ्य, की बहुतेक सामन्यांत त्याला बंदीच असे. नाइनटेल्स या नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याला त्याच प्रकारे ऊन पाडण्याचा गुण मिळाला.

परिणाम काय झाला? पॉलिटोड एकदा येऊन जायचा आणि मागून पावसात दुप्पट वेगाने धावणारे पाण्याचे प्राणी दीडपट वार करीत सुटायचे. त्यांना आवरणे अशक्य झाले. ‘स्मोगन’ या हौशी खेळाडूंच्या मंडळाने २०११ मध्ये आपल्या सामन्यांसाठी नियमच केला, की आपोआप पाऊस पाडणारा आणि पावसात दुप्पट धावणारा असे दोन्ही गुण एका संघात चालणार नाहीत. तरीही त्या काळातल्या लढती हवामानाच्या लढाया म्हणूनच ओळखल्या जातात. स्वतःचे हवामान नसेल, तर संघ बांधणेच कठीण झाले होते.

अखेर १२ ऑक्टोबर २०१३ रोजी ‘एक्स’ आणि ‘वाय’ हे खेळ जगभर आले, तेव्हा निर्मात्यांनी स्वतःच कात्री चालवली. आपोआप आलेले हवामानही पाचच फेऱ्या टिकेल, असे ठरले. प्राण्याजवळ विशिष्ट खडा ठेवला, तर आठ फेऱ्या. पाच फेऱ्या म्हणजे रात्र थोडी अन् सोंगे फार. कोणती चाल आधी, कोणती नंतर, याचा विचार पुन्हा सुरू झाला. खेळ पुन्हा खेळासारखा झाला.

हळू चालणारा जिंकतो

दोन्ही बाजूंनी एकाच वेळी हवामान बदलणारे प्राणी उतरले तर? एक ऊन आणतो, दुसरा पाऊस. राहते कोणाचे? येथे नियम मोठा गमतीदार आहे. वेगवान प्राण्याचा गुण आधी लागू होतो, हळू प्राण्याचा नंतर. जो नंतर, त्याचेच हवामान टिकते. म्हणजे या शर्यतीत हळू चालणारा जिंकतो!

२०१६ च्या ‘सन’ आणि ‘मून’ या खेळांत पेलिपर या पेलिकन पक्ष्यासारख्या पोकेमॉनला पावसाचा आणि टॉर्कोल या कोळसा जाळणाऱ्या कासवाला उन्हाचा गुण देण्यात आला. पक्ष्याचा मूळ वेग ६५, कासवाचा अवघा २०. दोघे समोरासमोर उतरले, की पक्षी आधी पाऊस पाडतो आणि कासव सावकाश येऊन तो पुसून टाकते. ससा-कासवाची गोष्ट आपल्या मुलांना पाठ आहे. तिचा असा उपयोग होईल, असे कोणाला वाटले नसेल.

पोकेमॉनच्या व्हिडिओ गेमची जागतिक स्पर्धा २००९ पासून भरते. तिच्यात प्रत्येक बाजूने एका वेळी दोन प्राणी मैदानात असतात आणि सहापैकी चारच निवडता येतात. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे २०१६ मध्ये झालेल्या स्पर्धेत ग्राउडन आणि कायोगर यांना परवानगी होती, तीही त्यांच्या अतिप्राचीन, अधिक उग्र रूपात. ग्राउडनचे ऊन इतके कडक, की पाण्याचा वार वाटेतच वाफ होऊन जातो. कायोगरचा पाऊस इतका मुसळधार, की आग पेटतच नाही. दोघांचा मूळ वेग सारखाच, ९०. म्हणून अनेक खेळाडू आपला प्राणी मुद्दाम हळू ठेवीत. त्या वर्षी मोठ्यांच्या गटात विजेता ठरलेल्या अमेरिकेच्या वुल्फ ग्लिकच्या संघात कायोगर होता आणि हवामानालाच लगाम घालणारा रेक्वेझा हा आकाशातील सर्पही होता. त्या स्पर्धेत आकाशावर कोणाचा ताबा, हाच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहत होता.

प्रत्येक विषाला उतारा

हे सारे वाचून वाटेल, की एकदा दगड आणि वादळ आले, की सुटका नाही. तसे नाही. शेरास सव्वाशेर असतोच. ‘रॅपिड स्पिन’ ही चाल गिरकी घेऊन आपल्या बाजूचे दगड-काटे उडवून लावते. ‘डीफॉग’ ही चाल २०१३ पासून दोन्ही बाजूंचे अडथळे साफ करते. मात्र ती वापरणाऱ्याने पेरलेले दगडही त्यात जातात. २०१९ च्या ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ या खेळांत जाड तळाचे बूट आले. ते घातले, की दगड-काटे लागतच नाहीत. चॅरिझार्डच्या चाहत्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला! परंतु बूट घातले, की अन्नाचा डबा ठेवायला जागा नाही. प्रत्येक प्राण्याजवळ एकच वस्तू ठेवता येते. क्लेफेबलसारख्या काहींचा अंगभूत गुणच असा, की थेट वार सोडून दुसरे कशानेही नुकसान होत नाही. पोलादी पोकेमॉनना विष चढत नाही आणि वाळूही बोचत नाही.

निर्मातेही वेळोवेळी तोल सांभाळत आले आहेत. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी आलेल्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायलेट’ या खेळांत गारांचा मारा काढून त्याजागी हिमवर्षाव आणला गेला. गारा दर फेरीला एक आणा घेत. बर्फ काहीच घेत नाही, उलट बर्फाच्या पोकेमॉनचा बचाव दीडपट करतो. ‘टॉक्सिक’ विष देण्याची विद्याही आता फार थोड्यांकडे उरली आहे.

ही लबाडी आहे का?

दगड, विष, वाळू आणि भक्कम बचाव यांच्या जोरावर खेळणाऱ्या संघावर नवखी मुले फार चिडतात. ‘‘त्याने मला एकदाही मारले नाही, नुसता टाळत बसला!’’ अशी त्यांची तक्रार असते. समोरासमोर लढणे हे शौर्य आणि थकवून हरवणे हा भेकडपणा, असे त्यांना वाटते. काही मोठ्या खेळाडूंनाही असे सामने कंटाळवाणे वाटतात आणि त्यात तथ्य आहे. हे सामने खरोखरच लांबतात.

पण लबाडी म्हणजे नियम मोडणे. येथे दोघांनाही नियम सारखेच ठाऊक आहेत. दगड दिसतात, वादळ दिसते, विषाचा आकडाही मोजता येतो. हरणाऱ्याने ते मोजले नाही, इतकेच. कसोटी क्रिकेटमध्ये फलंदाजाला तासभर एकही चौकार न देणाऱ्या गोलंदाजाला आपण लबाड म्हणत नाही. उलट त्या तासाने पुढची विकेट मिळवून दिली, असे म्हणतो.

मुलाच्या दृष्टीने यात खरी मोलाची गोष्ट आहे. मोठा फटका सर्वांनाच दिसतो आणि त्यापासून सावध राहणे सोपे असते. दर फेरीला जाणारा एक आणा दिसत असूनही डोळ्यांत भरत नाही. हरल्यानंतर ‘माझे नशीबच वाईट’ म्हणण्याऐवजी ‘चौथ्या फेरीतच मी त्याला परत बोलवायला हवे होते’ असे मूल म्हणू लागले, की समजावे, ते काहीतरी शिकले. नळाच्या थेंबाला किंवा किराणा दुकानातल्या उधारीला हाच हिशेब लागू पडतो, हे ते पुढे स्वतःच ओळखील.

पालकांनी काय करावे?

याचा अर्थ मुलांना दिवसभर खेळू द्यावे असा नव्हे. खेळ हा खेळ आहे, शिकवणी नव्हे. काही साध्या गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट वेळेची. ‘एवढा डाव संपव आणि जेवायला ये’ असे आपण सांगतो. पण बचावात्मक संघांचा सामना शंभर फेऱ्यांपर्यंतही लांबू शकतो. म्हणून मर्यादा डावांची न ठेवता घड्याळाची ठेवावी आणि जेवणाच्या आधी अर्धा तास नवा सामना सुरू करायचा नाही, असे ठरवावे. म्हणजे अर्धवट डावावरून होणारी रडारड टळते.

दुसरी गोष्ट पैशांची. सरावासाठी यंत्र आणि महागडे खेळ विकत घ्यावेच लागतात असे नाही. ‘पोकेमॉन शोडाउन’ हा लढतींचा सराव करण्याचा कार्यक्रम संगणकावर फुकट चालतो. मात्र तेथे अनोळखी लोकांशी लेखी बोलणे होऊ शकते. आपले नाव, शाळा, पत्ता कोणालाही सांगायचा नाही, हे मुलांना आधीच बजावून ठेवावे.

तिसरी गोष्ट हरण्याची. मूल चिडून खेळ आपटत असेल, तर उपदेश न करता दहा मिनिटांनी त्याला विचारावे, ‘‘नेमका कोठे हरलास?’’ बहुतेक वेळा ते बोटावर आणे मोजू लागते आणि राग विसरते.

आणि घरात आजी-आजोबा असतील, तर ही मोजणी त्यांच्यापुढे ठेवावी. पावली, अधेली, चवल, आणा यांची नावे नातवंडांना ठाऊक नसतात आणि पोकेमॉनची नावे आजोबांना. पण दगडांचे दोन, वाळूचा एक आणि विषाचे तीन मिळून रुपयातले किती गेले, हे दोघांनाही सांगता येते. बहुधा आजोबाच आधी सांगतील.